डोक्यावरचा धागा

या पुस्तकाचं हस्तलिखित प्रस्तावनेसाठी माझ्याकडे का आलं, याचा उलगडा मला जरा उशिरा झाला. मी त्वचारोगतज्ज्ञ नाही आणि पार्लरशी माझा संबंध भुवयांपुरता. वस्त्ररसायन शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, त्यातही लोकर हा आवडीचा विषय. लेखिकेचं म्हणणं असं, की मेंढीची लोकर आणि माणसाचा केस दोन्ही केराटिन नावाच्या प्रथिनाचे. तेव्हा कुरळ्या केसांच्या पुस्तकाला दोन शब्द लिहायचेच असतील तर ते लोकरवालीनं लिहावेत. यावर मला उत्तर सुचलं नाही.

पुस्तक आहे कुरळ्या, लाटदार आणि राठ केसांच्या निगेबद्दल. हे केस सरळ कसे करावेत हे त्यात नाही. ते जसे उगवतात तसेच नीट कसे ठेवावेत, हे आहे. सरळ केसवाल्यांनीही ते वाचायला हरकत नाही, पण त्यांच्यासाठी आजवर भरपूर लिहून झालं आहे. आपल्याकडची न्हाण्याची, तेलाची, वेणी-फणीची सगळी शिस्त त्यांच्याच केसांवर बेतलेली आहे.

माझ्या बाजूनं सांगायची गोष्ट एकच. कातडीच्या आत, काही मिलिमीटर खोलवर, केसाचं मूळ जिवंत असतं. तिथे रक्त पोचतं, पेशी वाढतात. तिथून वर येता येता त्या पेशी मरतात, कडक होतात, आणि टाळूबाहेर येतो तो निर्जीव धागा. त्याला ना शिरा, ना नसा. कापताना दुखत नाही ते यामुळेच. म्हणजे आपल्या डोक्यावर दोन वेगळ्या गोष्टी आहेत: टाळू ही जिवंत त्वचा आणि केस हा मेलेला तंतू. टाळूला घाम येतो, तेल सुटतं, बुरशी होते, औषध लागू पडतं. धाग्याला यातलं काही होत नाही. तो झिजतो, तुटतो, फुगतो, गुंततो. त्याचं पोषण करता येत नाही, त्याला फक्त राखता येतं. केस महिन्याला एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो असं धरलं, तर साठ सेंटिमीटर लांब केसाचं टोक चार-पाच वर्षांचं जुनं असतं. तितके उन्हाळे, तितके पावसाळे, तितक्या वेळा फणी त्यावरून गेलेली असते. बाटलीवर ‘मुळापासून टोकापर्यंत पोषण’ असं छापलेलं दिसलं, की मला पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका आठवते. अर्धे गुण द्यावेत इतपत बरोबर.

आपल्या घरांत या दोन गोष्टी एकच मानल्या गेल्या. टाळू तेलकट झाली की सगळे केस शिकेकाईनं खसाखसा धुवायचे, आणि केस कोरडे झाले की टाळूवर वाटीभर तेल थापायचं. सरळ केसांना हे चालून जातं. टाळूतून सुटणारं तेल सरळ केसावरून आपोआप खाली उतरतं, आणि फणीनं ते टोकापर्यंत ओढलं जातं. कुरळ्या केसाला वळणं असतात आणि तेल पहिल्या-दुसऱ्या वळणावरच अडतं. वर टाळू चिपचिपीत, खाली टोकं झाडूसारखी, आणि दोन्ही तक्रारी एकाच डोक्यावर. अशा मुलीला मग घरात ऐकून घ्यावं लागतं: ‘झिंज्या सोडून फिरू नकोस’, ‘केसांना तेलाचं बोट लावत नाहीस’. शाळेत दोन घट्ट वेण्या आणि लाल रिबिनी. बारावीनंतर वेण्या सुटतात आणि पार्लर सुरू होतं. या सगळ्या वर्षांत तिच्या केसांचा खरा आकार कुणी पाहिलेलाच नसतो, तिनंही नाही. लेखिकेनं पुस्तकाची सुरुवात याच वाक्यानं केली आहे आणि ते वाक्य तिचंच आहे, हे इथे सांगून ठेवते.

कुरळेपणा येतो कुठून? मुळाच्या आकारातून. ज्या पिशवीत केस तयार होतो ती कातडीत सरळ उभी असेल तर केस सरळ येतो. ती वाकडी असेल तर एका बाजूच्या पेशी वेगळ्या जमतात आणि केस वळत वळत बाहेर पडतो. सरळ केसाचा छेद साधारण गोल असतो, कुरळ्याचा चपटा, लंबगोल. ती पिशवी कातडीखाली असल्यामुळे वस्तरा तिथवर पोचत नाही. जावळ काढल्यावर केस दाट येतात, सरळ येतात, असं सांगणाऱ्या सगळ्या आज्यांची क्षमा मागून हे लिहावं लागतं. जावळाचे केस मुळात बारीक आणि मऊ असतात. वय वाढलं की तसेही ते जाडच व्हायचे असतात. शिवाय वस्तऱ्यानं कापलेलं बोथट टोक हाताला जाड लागतं. तेवढ्यावरून समज पक्का झाला. मात्र केसांची ठेवण जन्मभर एकच राहते असंही नाही. वयात येताना, बाळंतपणानंतर, रजोनिवृत्तीच्या सुमारास ती बदलू शकते. केमोथेरपीनंतर पूर्वी सरळ असलेले केस कुरळे होऊन उगवल्याचं पुष्कळ जणींनी अनुभवलं आहे.

आता तेल. या प्रकरणात लेखिका फार जपून चालली आहे, मी तितकी जपणार नाही. खोबरेल तेलाबद्दल आपण जे मानतो त्यातला निम्मा भाग प्रयोगशाळेत खरा ठरला आहे. आरती रेले आणि आर. बी. मोहिले या मुंबईच्या दोन संशोधकांनी 2003 साली खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुताना आणि विंचरताना केसातून जे प्रथिन निघून जातं, ते फक्त खोबरेलामुळे कमी झालं. धुण्याआधी लावा नाहीतर धुतल्यानंतर, फायदा दिसला. कारण खोबरेलातलं लॉरिक आम्ल. त्याचा रेणू लहान आणि सरळ साखळीचा, त्यामुळे तो केसाच्या आत शिरतो आणि पाण्यानं होणारी फुगवट कमी करतो. दोघेही संशोधक मॅरिको कंपनीत होते आणि पॅराशूट तेल त्याच कंपनीचं, हे वाचकानं ध्यानात ठेवावं. निष्कर्षामागचं रसायन मात्र मला पटण्यासारखं वाटतं.

पण हा फायदा आहे धाग्याला. टाळूचं काय? कोंड्याशी जिचं नाव जोडलं जातं ती मॅलासेझिया ही बुरशी प्रत्येकाच्या टाळूवर असते. तिला स्वतःची मेदाम्लं बनवता येत नाहीत, ती आपल्या तेलावर जगते. खवले सुटणारी, खाजणारी टाळू तेल कमी पडल्यामुळे कोरडी झाली असं समजून तिच्यावर आणखी तेल ओतणं म्हणजे पाहुणीला पंगतीत बसवण्यासारखंच. तेव्हा कुरळ्या केसांसाठी नियम उलटा: तेल न्हाण्याआधी तासभर, केसांच्या मधल्या भागापासून टोकापर्यंत, आणि टाळू शक्यतो मोकळी. नरकचतुर्दशीच्या अभ्यंगाला मी हा नियम लावणार नाही. वर्षातून एक दिवस टाळू सगळं सोसते, आणि मालिशचं सुख वेगळंच.

शिकेकाई आणि रिठा यांच्यात सॅपोनिन नावाची फेस करणारी द्रव्यं असतात, मळ काढायचं काम ती करतात. शिकेकाईचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं आणि ते केसाच्या सोयीचं. अंगाचा साबण उलट क्षारधर्मी असतो. केसावर बाहेरून बारीक खवले असतात, कौलांसारखे एकावर एक रचलेले. क्षारानं ते उचकटतात, सौम्य आम्लानं बसतात. म्हणून शिकेकाई चांगली, पण ती उकळून गाळलेलं पाणी असेल तर. नुसती भुकटी कुरळ्या केसांत गेली की दोन दिवस झटकत बसावं लागतं. मराठवाड्यात, सोलापूरकडे बोअरचं पाणी जड, कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. त्या पाण्यात साबणाचा चोथा होतो आणि वळणावळणांत अडकतो. तिथल्या बायकांनी साबण सोडून शिकेकाई किंवा शाम्पू धरला त्यामागे रसायन आहे, आळस नाही. ऐंशीच्या दशकात दक्षिणेतून आलेल्या शाम्पूच्या पुड्या खेडोपाडी पोचल्या आणि रविवारच्या चुलीवरचं शिकेकाईचं पातेलं उतरलं. मला त्याचं फारसं दुःख नाही. ते पातेलं उकळत ठेवणारी बाईही रविवारीच न्हात असे, पण सगळ्यांचं झाल्यावर उरल्या पाण्यात.

विंचरण्याविषयीचं प्रकरण या पुस्तकातलं सगळ्यात उपयोगाचं. ओला केस जाडीला पंधरा टक्क्यांच्या आसपास फुगतो, लांबीला जेमतेम दोन. ओला असताना तो ताणला जातो आणि लवकर तुटतो. म्हणूनच ‘ओले केस विंचरू नयेत’ हा सरळ केसांचा नियम बरोबर आहे. कुरळे केस मात्र वाळल्यावर विंचरले तर बटेतला केस न् केस सुटा होऊन डोक्याभोवती पिंजारतो. मग करायचं काय? ओले असताना, पण कंडिशनर चोपडून, रुंद दातांच्या कंगव्यानं किंवा बोटांनी, टोकाकडून सुरुवात करून वर सरकत जायचं. कंडिशनरमधली द्रव्यं धन भाराची असतात. झिजलेल्या केसावर ऋण भार असतो, म्हणून ती नेमकी झिजलेल्या जागी चिकटतात आणि केसावरून केस सरकतो. आपली बारीक दातांची फणी उवा-लिखांसाठी बनली आहे आणि त्या कामात तिचा हात धरणारं कुणी नाही. कुरळ्या केसांचा गुंता तिच्यानं काढू नये.

गुंता काढलाच नाही तर काय होतं, हे मला लोकरीच्या बाजूनं सविस्तर सांगायचं आहे, कारण आपल्या भागात त्यापायी आयुष्यं गेली आहेत. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात साबण लावून चोळला की आटून घट्ट होतो. तंतूवरचे खवले एकाच दिशेला झुकलेले असतात, ओलाव्यात आणि घर्षणात तंतू एका बाजूला सरकतो पण मागे फिरत नाही. नमदा याच गुणावर बनतो, घोंगडीची वीण धुतल्यावर घट्ट होते तीही यामुळेच. माणसाच्या केसांतही हेच घडतं. रोज पन्नास ते शंभर केस गळतात. विंचरले नाहीत तर गळलेले केस उभ्या केसांत अडकून राहतात. त्यावर तेल, धूळ, घाम बसतो, उशीवर डोकं घासतं, आणि काही आठवड्यांत तयार होते ती जट. एकदा जमली की कंगव्यानं ती सहसा सुटत नाही. केस कुरळे आणि दाट असतील, बाई आजारी असेल, बाळंतीण असेल, किंवा दिवसभर शेतात राबून तिला आरशात बघायला सवड नसेल, तर जट लवकर होते.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवर याला देवीचं बोलावणं मानलं गेलं. सौंदत्तीच्या यल्लम्माची जट आली म्हणजे मुलगी देवीची झाली, तिला देवीला सोडायची, तिचं लग्न देवीशी. 2009 च्या ‘जोगवा’ चित्रपटातल्या सुलीच्या वाट्याला हेच येतं. जट कापली तर कोप होईल, घरात कुणी दगावेल, या धास्तीनं बायका किलो-किलोचं ओझं मानेवर वागवत राहिल्या. मान दुखते, आत पू होतो, उवा होतात, झोप लागत नाही. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं गावोगाव जाऊन जटा सोडवत आले आहेत. पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी शेकडो बायकांना त्यातून मोकळं केलं आहे. कात्री चालवायला काही मिनिटं लागतात, तिथवर घरच्यांना आणायला मात्र महिने जातात. ही भीती फक्त आपलीच नाही. पोलंडमध्ये कित्येक शतकं असाच समज होता, की जट म्हणजे शरीरातला रोग बाहेर पडतो आहे आणि ती कापली तर माणूस आंधळा होईल किंवा मरेल. वैद्यकात जटेला ‘प्लायका पोलोनिका’ म्हणजे पोलंडची जट असंच नाव पडलं. एकोणिसाव्या शतकात क्राकोचे डॉक्टर यूझेफ डीट्ल यांनी तिच्याविरुद्ध मोहीम उघडली, पुढे ते त्या शहराचे महापौरही झाले. हस्तलिखितात जटेवर एकच परिच्छेद होता. मी आग्रह धरला म्हणून आता त्याचं प्रकरण झालं आहे.

हवेबद्दल थोडक्यात. केस हवेतला ओलावा शोषतो आणि लांबतो, हे ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर या जिनिव्हाच्या शास्त्रज्ञानं 1783 साली वापरात आणलं. माणसाचा केस ताणून बसवून त्यानं आर्द्रता मोजायचं उपकरण केलं. त्याच तत्त्वावरचे केसाचे आर्द्रतामापक पुढे कित्येक पिढ्या वेधशाळांत होते, आपल्या हवामान खात्याकडेही. तेव्हा जूनमध्ये मुंबईला उतरल्यावर केस फुलतात ती तुमची चूक नाही, ते वेधशाळेचं काम करत आहेत. केसातले हायड्रोजन बंध पाण्यानं सुटतात आणि वाळताना नव्यानं जुळतात. ओल्या केसांची वेणी घालून झोपलं की सकाळी लाटा पडतात त्या यामुळे, आणि कोकणातल्या दमट हवेत त्या दुपारपर्यंत जातात त्याही यामुळेच. विदर्भातल्या एप्रिलमध्ये उलट गत: हवाच केसातलं पाणी ओढून घेते. एकच उपाय दोन्हीकडे चालत नाही, आणि पुण्यात बसून लिहिलेल्या सल्ल्यांना हे पटायला वेळ लागतो.

आज मराठी मुली ‘कर्ली हेअर रूटीन’ म्हणतात ते आलं कुठून, हेही सांगायला हवं. त्याचं मूळ सौंदर्यप्रसाधनात नाही. दक्षिण आफ्रिकेत 1950 च्या लोकसंख्या नोंदणी कायद्यानंतर माणसाचा वंश ठरवताना केसांत पेन्सिल खोवून बघत. पेन्सिल घसरून पडली तर गोरा, अडकली तर नाही. एकाच घरातली भावंडं त्यामुळे वेगवेगळ्या वंशांत मोडली. अमेरिकेत काळ्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या तापवलेल्या लोखंडी कंगव्यानं आणि दाहक क्षारांनी केस सरळ केले, कारण तसे केल्याशिवाय नोकरी मिळणं अवघड होतं. कॅलिफोर्नियानं 2019 मध्ये ‘क्राउन अ‍ॅक्ट’ केला तेव्हा कुठे केसांच्या नैसर्गिक ठेवणीवरून नोकरीत आणि शाळेत भेदभाव करणं तिथे बेकायदा ठरलं. स्वतःच्या केसांची निगा म्हणजे काय, हे त्या बायकांनी एकमेकींना शिकवलं आणि त्यातून हे ज्ञान जमलं. 1997 मध्ये ओप्रा विन्फ्रे यांचे केशरचनाकार आंद्रे वॉकर यांनी केसांची, सरळपासून घट्ट वेटोळ्यांपर्यंत, एक ते चार अशी वर्गवारी मांडली. 2001 मध्ये लोरेन मॅसी यांचं ‘कर्ली गर्ल’ आलं: सल्फेट नको, सिलिकोन नको, उष्णता नको. आपल्याकडे ते पोचलं तेव्हा नियम तेवढे आले, मागचा इतिहास तिकडेच राहिला.

आपल्या इतिहासात कुरळे केस नव्हते असं मात्र कुणी समजू नये. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या खांद्यांवर बटा रुळल्या आहेत. बुद्धमूर्तींच्या मस्तकावर बारीक बारीक वेटोळी असतात. मुरूड-जंजिऱ्यावर सिद्दींचं राज्य होतं. उत्तर कन्नडातल्या हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दींचे पूर्वज पूर्व आफ्रिकेतून आले, त्यांच्या बोलीत कोकणी-मराठी मिसळलेली आहे आणि केस घट्ट वेटोळ्यांचे. वर्गवारीतला चौथा प्रकार आपल्याकडचा नाही, असं लिहिणाऱ्यांनी तिकडे एकदा जाऊन यावं. अलीकडे मिथिला पालकरसारखी अभिनेत्री आपल्या कुरळ्या केसांनिशी पडद्यावर वावरते, तेव्हा शाळकरी मुलींना काय वाटतं ते मी नातीकडे पाहून सांगू शकते. 2016 साली मिथिलानं कपाच्या तालावर म्हटलेलं आणि गाजलेलं गाणंही नेमकं उडणाऱ्या केसांचं कौतुक करणारं निघावं, ही गंमत.

पार्लरच्या खुर्चीवर जे घडतं ते माझ्या विषयाच्या फार जवळचं आहे. 1957 साली ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेनं लोकरी पँटीची घडी कायमची बसवण्याची ‘सायरोसेट’ पद्धत काढली. त्यासाठी वापरलेलं रसायन अमोनियम थायोग्लायकोलेट, म्हणजे केस कुरळे करण्याच्या द्रावणातलंच. केराटिनचे गंधक-बंध तोडायचे, धागा हवा तसा बसवायचा आणि पुन्हा बंध जुळवायचे. रिबाँडिंग आणि स्मूदनिंग म्हणून आज जे विकतात त्यातलं बरंचसं हेच. पँट एकदाच घडी घेते. केस महिन्याला सेंटिमीटरभर नवा येतो, तोही कुरळा, आणि सहा महिन्यांनी खुर्चीवर परत बसावं लागतं. दुसऱ्या वेळी रसायन जुन्या, आधीच तोडलेल्या भागावर पसरलं की तिथे केस तुटतो. दोनशे अंशांच्या आसपास तापलेली इस्त्री वरून फिरते ती वेगळीच.

याहून गंभीर आहे ते वासाचं. ‘केराटिन ट्रीटमेंट’ या नावाखाली विकली जाणारी कित्येक द्रावणं तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड सोडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 मध्येच त्याला माणसांत कर्करोग करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात घातलं. डोळे चुरचुरायला लागले की गिऱ्हाईक अर्ध्या दिवसात घरी जातं, पण हे काम करणारी मुलगी रोज तिथेच उभी असते. तिच्याविषयी पुस्तकात आणखी यायला हवं होतं. फॉर्मल्डिहाइडला पर्याय म्हणून ग्लायऑक्सिलिक आम्लाची क्रीम आली. मार्च 2024 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिननं ट्युनिशियातल्या एका 26 वर्षांच्या बाईची हकिगत छापली. तीन वेळा पार्लरमध्ये केस सरळ केले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली. अमेरिकेत 33,497 बायकांची अकराएक वर्षं नोंद ठेवणाऱ्या अभ्यासाचे निष्कर्ष 2022 मध्ये आले. केस सरळ करणारी रसायनं वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण 4.05 टक्के धरलं गेलं, कधीच न वापरणाऱ्यांत 1.64. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, त्यावरून कारण सिद्ध होत नाही. पण लग्न ठरलं म्हणून मुलीला घाईघाईनं खुर्चीत बसवणाऱ्या आयांना हे दोन आकडे माहीत असावेत.

काही ठिकाणी लेखिकेचं आणि माझं जमलेलं नाही. केसांना प्रकाराचा क्रमांक देण्यावर तिनं फार पानं घालवली आहेत. 2अ की 3ब यावर मुली तासन् तास वाद घालतात, आणि एकाच डोक्यावर मागे एक आणि पुढे दुसरा प्रकार असतो. केस बारीक आहे की जाड, विरळ आहेत की दाट, झिजलेले आहेत की धड, हे समजलं तर काम भागतं. पेल्यातल्या पाण्यात केस टाकून तो तरंगतो का पाहण्याची चाचणी पुस्तकातून काढून टाकावी, असं मी सुचवलं होतं. केस तरंगतो तो बहुधा पृष्ठताणामुळे आणि वर बसलेल्या तेलामुळे, त्याच्या सच्छिद्रतेमुळे नव्हे. चाचणी राहिली, खाली माझ्या नावानं टीप आली. सिलिकोनवरचा तिचा रागही मला मान्य नाही. लोकर आटू नये म्हणून गिरणीत खवल्यांवर पॉलिमरचा पातळ थर देतात. कंडिशनरमधलं सिलिकोन तेच काम तात्पुरतं करतं. थर साचला की एकदा कडक शाम्पूनं काढायचा, एवढंच.

मात्र पाण्याच्या बाबतीत लेखिकेनं जे केलं आहे ते परदेशी पुस्तकांना सुचलं नसतं. ती सगळी गृहीत धरतात की शॉवर धो धो वाहतो आहे. 2016 च्या एप्रिलमध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, तिथल्या मुलीनं काय करावं? या पुस्तकात परात आहे. परातीत दोन तांबे पाणी घ्यायचं, कंडिशनर लावलेले केस त्यात बुडवायचे, मुठीत दाबून वर करायचे, पुन्हा बुडवायचे. पाणी आणि कंडिशनर एकत्र केसात मुरतं, बट आपली आपण जमते, आणि अर्ध्या बादलीत काम होतं. टर्किश टॉवेलनं खसाखसा पुसण्याऐवजी पंचा किंवा जुन्या सुती साडीचा तुकडा, तोही फक्त दाबून. बटा बसवायला बाजारातल्या जेलऐवजी जवस: दोन चमचे जवस दोन कप पाण्यात मंद आचेवर उकळायचं, अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार आली की गरम असतानाच फडक्यातून गाळायचं, कारण गार झाल्यावर ते गाळता गळत नाही. हे जेल फ्रिजमध्ये काही दिवसच टिकतं. वास बदलला की टाकून द्यायचं. विदर्भात जवसाची चटणी रोजच्या पानात असते, त्यामुळे तिकडच्या घरांत हा प्रयोग लगेच होऊ शकतो, आणि उरलेल्या जवसाचं काय करायचं तेही ठाऊक असतं.

टाळूवर नाण्याएवढी गुळगुळीत चकती पडली, भांग दिवसेंदिवस रुंदावत गेला, खवल्यांखाली लाल व्रण दिसले किंवा पू झाला, तर पुस्तक मिटून त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं. बाळंतपणानंतर तीनेक महिन्यांनी केस मूठ-मूठ गळू लागतात, ते सहसा आपोआप थांबतं, त्यासाठी तेलं बदलत बसू नये. बाकी, प्रकरणं क्रमानं वाचायची गरज नाही. घरात लहान कुरळ्या केसांची मुलगी असेल तर विंचरण्याचं प्रकरण आधी वाचावं, आणि जी रोज तिचे केस विंचरते तिनंच ते वाचावं.